रायटर, तिसरा मजला

आमच्या सोसायटीचा वॉचमन सहसा कुणाला सलाम करत नाही. चेअरमनना तर नाहीच, कारण त्याच्या पगारवाढीचा विषय त्यांनी तीन वर्षं पुढच्या मीटिंगवर ढकलला आहे. त्याचा एकच सलाम आहे आणि तो तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांसाठी राखीव आहे. हे गृहस्थ राहायला आले त्या दिवशी त्यांनी गेटवरच्या वहीत व्यवसायाच्या रकान्यात 'रायटर' असं लिहिलं. वॉचमनच्या मुलखात रायटर म्हणजे पोलीस ठाण्यात टेबलामागे बसून पंचनामा लिहिणारा हवालदार. साहेब बदलतात, रायटर बदलत नाही. त्याच्या पेनात आलं तर गुन्हा, नाही आलं तर 'समज देऊन सोडले'. एवढ्या अधिकाराचा माणूस कोथरूडमध्ये लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर स्वतः दुधाची पिशवी घेऊन चढतो, हे पाहून वॉचमन भारावला तो अजून सावरलेला नाही. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. गैरसमज दूर करणं मला सहज शक्य होतं. पण मराठी लेखकाला रोज सकाळी कोण सलाम ठोकतो? राहू दे म्हटलं.

तेव्हापासून अख्खी सोसायटी त्यांना रायटर म्हणते. एकतीस वर्षं त्यांनी एका सरकारी खात्याच्या लेखा विभागात काढली. 'लेखा'चा 'लेखक' व्हायला फक्त एक 'क' लागतो, पण तेवढ्यासाठी त्यांना स्वेच्छानिवृत्ती घ्यावी लागली. निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे व्हिजिटिंग कार्ड छापलं. नावाखाली ठसठशीत अक्षरांत : स्वतंत्र कादंबरीकार. पहिलं कार्ड ज्याला दिलं तो म्हणाला, "वा, म्हणजे भाषांतरं करत नाही." त्याचंही चुकलं नाही. आपल्याकडे कादंबरीला 'स्वतंत्र' म्हणायचं ते ती इंग्रजी-बंगालीवरून उचललेली नाही हे सांगायला. दुसऱ्याने आवाज खाली घेऊन विचारलं, "वहिनींपासून?" तिसऱ्याला कार्ड देताना रायटरांनी स्वतःच खुलासा केला, की मला प्रकाशक नाही, एवढाच याचा अर्थ.

प्रकाशक नव्हता याला कारण प्रकाशकच. पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित एका नामवंत संस्थेकडे चौदा महिने होतं. मग ते परत आलं, सोबत 'आमच्या प्रकाशनसूचीत बसत नाही' अशी ओळ, आणि पान सत्तावन्नवर चहाच्या कपाचं वर्तुळ. रायटर त्या वर्तुळावर फार खूश झाले. "म्हणजे सत्तावन्न पानं तर वाचली!" मी तेव्हाच ओळखलं, की हा माणूस या धंद्यात टिकणार.

त्यांना पूर्वजांचं बळही भक्कम आहे. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये स्वतःचं 'करमणूक' काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यातच हप्त्या-हप्त्याने छापली. शिवाय आनंदाश्रमाचा कारभार सांभाळत होते तो वेगळाच. "म्हणजे नोकरी आणि घरचं छापणं," रायटर सांगतात. "मी काय निराळं करतोय?" फरक एवढाच, की हरिभाऊंचा पुढचा अंक कधी येतो म्हणून लोक वाट बघायचे. पण तो मी बोलून दाखवत नाही. रोज एकाच जिन्यावर गाठ पडते.

तर त्यांनी स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. तिला वहिनींचं नाव दिलं आणि वहिनींनाच मालक केलं. हेतू असा की लेखक आणि प्रकाशक यांत अंतर असावं. ते आहे, स्वयंपाकघर ते हॉल. वहिनींनी मात्र पद मनावर घेतलं. रायटरांनी एकदा मानधनाचा विषय काढला, तेव्हा त्यांनी 'मागच्या पुस्तकाच्या किती प्रती शिल्लक आहेत?' असं अस्सल प्रकाशकाच्या स्वरात विचारलं. कुठे शिकल्या देव जाणे.

आयएसबीएन आला त्या दिवशी पेढे वाटले होते. हा तेरा आकडी नंबर दिल्लीची राजा राममोहन रॉय यांच्या नावाची संस्था देते आणि त्याला पैसे पडत नाहीत. पुस्तकाच्या सबंध प्रवासात रायटरांना फुकट मिळालेली ही एकमेव गोष्ट. त्यांनी तो तोंडपाठ केला. बँकेत फोन नंबर विचारला तरी आधी ९७८ सुरू होतं.

आता कुंभाराबद्दल सांगायला हवं, कारण कुंभार समजल्याशिवाय रायटर समजणार नाहीत.

पहिल्या कादंबरीत एक म्हातारा कुंभार होता. रायटरांचं तत्त्व असं, की पात्राच्या हाताला जे येतं ते लेखकाच्या हाताला आलं पाहिजे. म्हणून त्यांनी विजेवर चालणारं चाक आणलं आणि गॅलरीत मांडलं. ती गॅलरी माझ्या गॅलरीच्या बरोबर वर. सहा महिने माझे सदरे वाळत घातल्यावर खाकी होत होते. माती कणकेसारखी मळायची, आतली हवा काढायची, गोळा चाकाच्या अगदी मधोमध बसवायचा. बसला नाही की सगळं थरथरतं आणि भिंत एका बाजूला लवंडते. हे सगळं मला जिन्यात उभं राहून हातवाऱ्यांसकट कळलं. माठ करायला घ्यायचे. माठ कलला की त्याचा गडू करायचे, गडू कलला की वाटी, आणि वाटीतून जे वाचेल ती पणती. त्या दिवाळीत बिल्डिंगमधल्या प्रत्येक घरी अकरा-अकरा पणत्या आल्या. प्रत्येक पणती म्हणजे एक हुकलेला माठ आहे हे फक्त वहिनींना आणि मला ठाऊक होतं. भट्टी घरी लावता येईना, म्हणून कच्ची भांडी रिक्षाने दूर कुणाच्या तरी भट्टीवर न्यायचे. पुण्यात स्पीडब्रेकर किती आहेत हे आपल्याला माहीत आहे. रायटरांना ते मडक्यांत माहीत आहे.

सहा महिन्यांच्या या तपातून साडेनऊ पानं उतरली. कुंभार क्षयाने हळूहळू जातो. जाता जाता शेवटचं मडकं करतो, ते न भाजताच राहतं, वगैरे. मग कादंबरी डीटीपीला गेली. जुळवणी झाल्यावर डेमी आकारात पानं भरली तीनशे अठ्ठावीस. छापखानेवाला म्हणाला, "साहेब, सोळा पानांचा एक फॉर्म. तुमचे साडेवीस होतायत. अर्ध्या फॉर्मचं परवडत नाही. आठ पानं घाला नाहीतर आठ काढा." आठ पानं घालायची तर कागद वाढतो, आणि सत्तर जीएसएम नॅचरल शेडचा भाव त्यांनी विचारून ठेवलेला होता. रायटर घरी आले, दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी साडेनऊ पानं क्षयाने झिजणारा कुंभार दीड पानात साप चावून गेला.

वहिनी सांगतात, त्या रात्री हे जेवले नाहीत. चाक मात्र गॅलरीत राहिलं.

पुढचं सगळं त्या चाकाच्याच वळणावर गेलं. दुसऱ्या कादंबरीत पेशवाईतला एक कारकून होता, म्हणून रायटर मोडी शिकले. पुण्यात मोडी शिकणं अवघड नाही. मोडी येणाऱ्या माणसाने गप्प बसणं अवघड आहे. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जायची, हात शक्यतो न उचलता. ही पद्धत रायटरांच्या स्वभावाला इतकी मानवली, की ते सकाळी बसून चांगली वीस पानं रेघा ओढून ठेवत. अक्षरं नंतर. कादंबरीचंही तसंच झालं होतं. बावीस प्रकरणांची नावं तयार, खाली लटकवायचं बाकी. बोरू स्वतः कापायचे. शाई दिव्याच्या काजळीत बाभळीचा डिंक घोटून घरीच करायचे, त्यामुळे महिनाभर त्यांच्या नाकाखाली मिशीसारखी एक काळी रेघ असे. जुनी दफ्तरं कापडी रुमालात बांधून ठेवतात असं पाहून आल्यावर त्यांनी स्वतःची हस्तलिखितंही रुमालात बांधायला घेतली. रुमाल कसले, वहिनींच्या साड्याच. एका लग्नाच्या सकाळी वहिनींना हवी ती नारायणपेठ सापडेना. ती प्रकरण चार ते नऊ सांभाळत होती.

कारकून पटकीने गेला. बोरू राहिले. मधल्या एका दिवाळी अंकासाठी लिहिलेल्या दीर्घकथेत बासरीवाला होता. बासरीतून सहा आठवडे नुसता वारा आला, आणि सूर लागला त्याच आठवड्यात संपादकांनी कथा साभार परत पाठवली. ती बासरी आता माळ्यावरचा बोळा काढायला वापरतात. एक मधमाश्या पाळणारा शेतकरीही योजला होता. त्या पात्राला सोसायटीच्या जनरल बॉडीने एकमताने जन्मालाच येऊ दिलं नाही.

"पात्रं मरतात हो," वहिनी मला एकदा म्हणाल्या, "सामान उरतं." त्यांच्या घरी गेलात तर बसायला जागा शोधावी लागते. कोपऱ्यात कुंभाराची माती ओल्या गोणपाटात, खिडकीत कारकुनाचे बोरू, टीव्हीखाली पहिल्या कादंबरीच्या प्रती. पाचशे प्रतींची आवृत्ती, वीस-वीसचे पंचवीस गठ्ठे. चार गठ्ठ्यांवर टीव्ही, सहांवर फळी टाकून दिवाण, बाकीचे माळ्यावर. प्रत खपली की रायटरांना आनंद होतो, पण दिवाण किंचित उतरतो.

खपण्याचं गणित तसं सोपं आहे, ते लेखा विभागात असल्यामुळे त्यांना रडू न येता सांगता येतं. किंमत चारशे. विक्रेत्याचे चाळीस टक्के गेले की दोनशे चाळीस. त्यातून छपाई, त्यातून टपाल, त्यातून अप्पा बळवंत चौकात गाडी लावायला जागा मिळाली नाही म्हणून रिक्षा. उरलेल्या रकमेला ते 'निव्वळ साहित्य' म्हणतात. शिवाय 'लेखकाकडून भेट' मागणारे नातेवाईक आहेत. त्यांना ते विचारतात, "मंडईत जाऊन 'आपण घरचेच, दोन किलो बटाटे सप्रेम द्या' म्हणता का?" नातेवाईक म्हणतात, बटाटे लागतात हो.

ई-पुस्तकही काढलं. श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये नेताना ऱ्या-ऱ्हांचा चेंदामेंदा झाला आणि नायक प्रत्येक वेळी 'दुस-या' दिवशी उठू लागला. महिन्याकाठी एखादी प्रत विकली जायची. ती कुणी घेतली असेल यावर रायटर आणि मी जिन्यात संध्याकाळ घालवत असू. एकदा अमेरिकेतून प्रत गेली, तर दोन दिवस त्यांचं चालणं बदललं होतं.

पण त्यांचा खरा मानाचा तुरा वेगळाच आहे. १९५४ चा एक कायदा आहे. पुस्तक छापलं की प्रकाशकाने महिन्याभरात स्वतःच्या खर्चाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायची, आणि एकेक मुंबईच्या टाउन हॉलमधल्या ग्रंथालयाला, चेन्नईच्या कॉनेमाराला आणि दिल्ली पब्लिक लायब्ररीला. किती प्रकाशक हे पाळत असतील ते असो, वहिनी पाळतात. पोचपावत्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आहेत आणि पाहुण्यांना चहाच्या आधी दाखवल्या जातात. "माझी कादंबरी चेन्नईत आहे," असं रायटर म्हणतात तेव्हा त्यात खोटं काही नसतं. मी एकदा विचारलं, "तिथे मराठी वाचणार कोण?" त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "इथे कोण वाचतंय? तिथे निदान कपाटाला नंबर आहे."

त्यांचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. साडेचार ते सहा लेखनाची वेळ. ती कशी जाते हे मला ठाऊक आहे, कारण त्यांची खुर्ची माझ्या डोक्यावर सरकते. प्रथम खुर्ची ओढल्याचा आवाज. मग शांतता. मग खुर्ची मागे, चार पावलं, नळ : शाईचं पेन धुणं. त्यांच्याकडे चौदा पेनं आहेत आणि रोज एकाची पाळी असते. पुन्हा खुर्ची, पुन्हा शांतता. मग टप् टप् टप्. हा आवाज टाइप करण्याचा असावा असं मी दोन वर्षं समजत होतो. तो टोच्याने जुजात भोकं पाडल्याचा निघाला.

कारण तिसऱ्या कादंबरीत बुकबाइंडर आला होता, आणि इथे मला चेष्टा थोडी आवरावी लागते. जुजबंदी मात्र रायटरांना खरोखर आली. फॉर्म घडी घालून जुज करायचा, पाठीत भोकं पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने एका जुजातून दुसऱ्यात शिवत जायचं, पाठीला खळ लावायची, दाबात ठेवायचं. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद. पहिल्या आठवड्यात तो निळसर गोळा फ्रिजमध्ये घावनाच्या पिठाशेजारी सापडला, आणि वहिनींनी प्रकाशक, पत्नी आणि मालक या तिन्ही नात्यांनी एकदम आवाज लावला. तेव्हापासून खळ गॅलरीत, चाकावर. चाकाचा तेवढा एक उपयोग झाला.

माझ्या आईची एक वही होती. हिशेब, लोणच्याची प्रमाणं, मध्येच कुणाची जन्मवेळ, धोब्याचे कपडे. पानं सुटी झाली होती, मी रबर लावून ठेवली होती. रायटरांनी ती न विचारता उचलली आणि तीन आठवड्यांनी आणून दिली. प्रत्येक पान पातळ कागदाची पट्टी लावून जोडलेलं, शिवलेलं, आणि वर आईच्याच जुन्या इरकलीचं कापड. ते माझ्या बायकोकडून कधी नेलं मला पत्ता नाही. वही उघडली की सपाट राहते. मी पाकीट काढलं, तर रायटर रागावले. म्हणाले, "छंदाचे पैसे घेत नाही मी." मग जरा थांबून म्हणाले, "कादंबरीचे घेतो."

अशी मी कादंबरी विकत घेतली आणि आता पळवाट नसल्यामुळे वाचली. खरं सांगतो : लांबलेली आहे. नायक फार विचार करतो, आणि खिडकीपाशी उभं राहिल्याशिवाय त्याला विचार येत नाहीत. पण ते कुंभाराचं दीड पान! त्यात माती ओली आहे. गोळा मधोमध बसल्यावर हाताखालची थरथर एकाएकी थांबते, असं एक वाक्य आहे. माझे खाकी झालेले सदरे मी त्या वाक्यासाठी माफ केले. रायटरांना हे सांगायला वर गेलो. ते ऐकून घेऊन म्हणाले, "काढलेली आठ वाचायची का? रुमालात आहेत." वाचली. त्या आठांपेक्षा दीड बरं आहे. पण हे मी त्यांना सांगितलेलं नाही, छापखानेवाल्याला तर नाहीच.

मागच्या डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावरच्या पुस्तक महोत्सवात त्यांनी कुणाच्या तरी गाळ्यात पाव टेबल मिळवलं. मी मदतीला गेलो होतो, म्हणजे पिशव्या धरायला. पहिले दोन तास लोक कादंबरी उचलायचे, मागचा मजकूर वाचायचे, किंमत बघायचे आणि बाळाला पाळण्यात ठेवावं तशी हळूच परत ठेवायचे. कंटाळून रायटरांनी बोरू काढला आणि एका चिठोऱ्यावर स्वतःचं नाव गिरवत बसले. एक मुलगी थांबली. "काका, माझं लिहून द्याल?" दिलं. तिने मैत्रिणींना बोलावलं. अर्ध्या तासात रांग लागली. मराठी कादंबरीच्या टेबलापुढे रांग! शेजारच्या स्पर्धा परीक्षावाल्याने मान उंचावून पाहिलं. संध्याकाळपर्यंत रायटरांनी दोनशेच्या वर नावं लिहिली, सगळी फुकट. कादंबऱ्या गेल्या सात. एक गृहस्थ सरळच म्हणाले, "नाव द्या फक्त, पुस्तक नको."

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या. त्यांनी दहा मिनिटं रांगेकडे पाहिलं, चिठोऱ्यांचा गठ्ठा उचलला आणि पर्समध्ये टाकला. मग पुठ्ठ्यावर लिहिलं : 'आपले नाव बोरूने लिहून मिळेल. फक्त पुस्तकाच्या पहिल्या पानावर.' त्या दिवशी एक्केचाळीस प्रती गेल्या. लोकांनी चारशे रुपये देऊन स्वतःचं नाव विकत घेतलं आणि सोबत तीनशे वीस पानं मोफत मिळाली. दिवाण घरी दोन बोटं खाली आला. रायटर रात्रभर हाताला तेल चोळत होते. "एक्केचाळीस वाचक," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. वहिनी म्हणाल्या, "एक्केचाळीस नावं."

हे सगळं मी आत्ता लिहितोय कारण मला थोडी धास्ती वाटू लागली आहे. चौथ्या कादंबरीचं काम सुरू आहे. यंदा घरात नवीन सामान काही आलेलं नाही. माती नाही, दोरा नाही, वाद्य नाही. मी वहिनींचं अभिनंदनही करून आलो होतो. मग एका सकाळी रायटर वही घेऊन खाली आले आणि विचारलं, "तुम्ही भाजी घेऊन येताना दम खायला कुठल्या पायरीवर थांबता? सातव्या की आठव्या?" मी म्हटलं, आठव्या. त्यांनी लिहून घेतलं. दोन दिवसांनी त्यांना जिन्यात पाहिलं. हातात पिशवी, डावा गुडघा धरलेला, आठव्या पायरीवर उभे. गुडघा माझा दुखतो, त्यांचा नाही. त्यानंतर त्यांनी अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घेतला. पेपरातलं शब्दकोडं पेन्सिलीने सोडवू लागले. परवा वॉचमनने सलाम ठोकला तर रायटरांनी मी मान हलवतो तशी नुसती मान हलवली. तो बिचारा चपापलाच.

शेवटी धीर करून वर गेलो. ते घरात नव्हते. माझी चाल शिकायला भाजी आणायला गेले होते. मी वहिनींना विचारलं, "किती पानं झाली माझी?"

"बावीस."

"आणि पुढे काय होतं माझं?"

वहिनी चहा गाळत होत्या. त्यांनी गाळणं झटकलं आणि म्हणाल्या, "ते आत्ता कसं सांगू भाऊजी? फॉर्म मोजले की कळवते."